कुंडीतला मेदाका, खाडीतला भाऊबंद

मुळशी तालुक्यातल्या उरवड्याला पाऊस लागला की खाचरं भरतात, एका खाचराचं पाणी बांधावरून दुसऱ्यात उतरतं आणि त्या पाण्याच्या वाटेनं ओढ्यातली बारकी मासळी वर चढते. भात आणि मासा यांची ही सोबत आशियाभर जुनी आहे. माशांच्या एका गटाचं तर शास्त्रीय नावच भातावरून पडलं: ओरायझियास. त्यातला सर्वांत प्रसिद्ध जपानचा मेदाका. डोळे कपाळाच्या वरच्या बाजूला, म्हणून जपानी भाषेत हे नाव.

जेमतेम दीड इंचाचा हा मासा भलता चिवट. पाणी 4 अंशांपर्यंत गार होवो की 40 अंशांपर्यंत तापो, तो तग धरतो. अंगणातल्या रुंद तोंडाच्या कुंडीत पाच-सहा मेदाका हवेच्या पंपाशिवाय सुखानं राहतात. नळाचं पाणी दिवसभर उघडं ठेवावं म्हणजे त्यातलं क्लोरीन उडतं. थोडी पाणवनस्पती, अर्धी सावली आणि खंड्यापासून बचावासाठी वर जाळी, एवढं पुरतं. डासांच्या अळ्या तर तो आवडीनं खातो.

खरी गंमत पहाटेची. दिवस बारा तासांहून मोठा झाला की मादी रोज सकाळी अंडी घालते, पण ती लगेच सोडत नाही. दहा-वीस पारदर्शक मणी बारीक तंतूंनी तिच्या पोटाखाली लटकत राहतात आणि मग पाणवनस्पतीला घासून ती ते चिकटवते. मोठे मासे अंडी-पिल्लं खातात, म्हणून ती फांदी वेगळ्या भांड्यात हलवावी. साधं भिंग घेतलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंड्याच्या आत धडधडणारं इवलंसं हृदय दिसतं. पाणी 25 अंशांच्या आसपास असेल तर दहाएक दिवसांत पिल्लू बाहेर. या पारदर्शकतेमुळेच मेदाका प्रयोगशाळांचा लाडका झाला. 1994 साली कोलंबिया यानातून चार मेदाका अंतराळात गेले, तिथे त्यांचा समागम झाला, अंडी पडली आणि आठ पिल्लं तिथेच जन्मली.

याच माशाचा भाऊबंद आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांनी मुंबई इलाख्यातून त्याचं वर्णन 1940 साली प्रसिद्ध केलं आणि सुंदरलाल होरा व एस. बी. सेटना या दोघांच्या नावांवरून त्याला ‘होराइक्थिस सेटनाय’ म्हटलं. आज तो ओरायझियास गटातच गणला जातो. निमखाऱ्या पाण्यातला, काचेसारखा आरपार दिसणारा हा मासा. नराच्या शेपटीकडल्या खालच्या पराचे पहिले सहा काटे मिळून एक अवयव बनतो. त्यानं तो शुक्राणूंची काटेरी पुडी मादीच्या अंगाला चिकटवतो. मादीच्या उजव्या बाजूचा पोटपर तर नसतोच. हेच कुलकर्णी पुढे लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपन्यांच्या मत्स्यकेंद्रात महाशीर माशाच्या कृत्रिम प्रजननात रमले.

मात्र हा भाऊबंद खाडीचा. उरवड्याचं पाणी घाटाच्या अलीकडचं, भीमेकडे जाणारं. म्हणून त्याला किंवा मेदाकाला हौसेनं इथल्या ओढ्यात सोडणं हा उपकार नव्हे. डास कमी व्हावेत म्हणून देशभर सोडलेल्या गप्पी आणि गंबुशिया या परक्या माशांनी हा धडा दिलाच आहे: गंबुशिया डासांच्या अळ्यांबरोबर इतर माशांची अंडी-पिल्लंही फस्त करतो. आपल्या ओढ्यात दांडवणीसारखी देशी मासळी आहे; तिची जागा तिलाच राहू द्यावी.

दुसरा धडा जपानचा. गावोगावच्या पाटात दिसणारा मेदाका 1999 साली तिथल्या धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत गेला. उन्हाला, थंडीला न हरलेला मासा काँक्रीटच्या पाटांपुढे आणि खाचर-ओढ्याच्या तुटलेल्या वाटेपुढे हरला. मुळशीत आज खाचरांवर प्लॉट पडत आहेत, ओढ्यांना भिंती येत आहेत. म्हणून विनंती एवढीच: घरी मासे जरूर पाळा, मुलांच्या हाती भिंग द्या, पण कुंडीतला मासा कुंडीतच ठेवा. आणि बांधाच्या कडेचा एखादा मातीचा पाट तरी बुजवू नका. पावसाळ्यात मासळीला खाचरात यायला तीच वाट आहे.