मूत्रपिंडातील सूक्ष्म मुनीम

बीडहून दक्षिणेस निघून घाट चढला, की मांजरसुंबा लागते. धुळे–सोलापूर महामार्गास पाटोदा आणि केजकडील रस्ते येथे मिळतात. अशा चौकात दुकान सांभाळणाऱ्या व्यापाऱ्याचा दिवस गल्ल्यावर बसूनच सरतो. मधुमेहाची गोळी वेळेवर घेतली जाते. लघवीची तपासणी मात्र ‘हंगाम आटोपल्यावर करू’ म्हणून लांबते. मूत्रपिंडाचा आजार नेमका अशाच उधारीवर वाढतो.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख गाळण्या असतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातील बहुतांश शरीरास परत करतात. हे काम करणाऱ्या पेशींत डीएनए ही मूळ चोपडी. तिच्यातील नोंदीची नक्कल, म्हणजे एमआरएनए, ही प्रथिनरूपी माल तयार करण्याची चिठ्ठी. कोणती चिठ्ठी रोखायची हे पाहणारा मुनीम म्हणजे मायक्रोआरएनए. अवघ्या २२ च्या आसपास घटकांचा हा रेणू चिठ्ठीस चिकटून तिचा अंमल थांबवितो. व्हिक्टर ॲम्ब्रोस व गॅरी रुवकुन यांनी १९९३ साली एका सूक्ष्म कृमीत त्याचे कार्य उलगडले. त्यासाठी त्यांना २०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मूत्रपिंडास इजा झाली, की ‘मायक्रोआरएनए-२१’ चे प्रमाण वाढते आणि निरोगी पेशींच्या जागी व्रणासारखा निबर थर साचण्यास हातभार लागतो. उंदरांत तो रोखल्यावर ही हानी घटली. त्याच तत्त्वावरील औषधाची अल्पोर्ट या आनुवंशिक मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांवरील चाचणी मात्र अपेक्षित लाभ न दिसल्याने २०२२ मध्ये थांबविण्यात आली. हे रेणू लघवीतही सापडतात; त्यांवरून आजाराची लवकर चाहूल घेण्याचे संशोधन चालू आहे. नित्याच्या वापरात अशी तपासणी अद्याप आलेली नाही.

तोवर हाती असलेली साधने वापरणे शहाणपणाचे. रक्तातील क्रिएटिनिन बहुधा निम्मी कार्यक्षमता गेल्यावरच वाढलेले दिसते; लघवीतील अल्ब्युमिन त्याआधी इशारा देऊ शकते. मधुमेह वा उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी या दोन्ही तपासण्या दरवर्षी कराव्यात. वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. उपवास वा चौविहार करणाऱ्या मधुमेहींनी औषधांच्या वेळा डॉक्टरांना आधी विचाराव्यात.

व्यापारी घरांत वर्षअखेरीस खात्यांचा ताळमेळ कधी चुकत नाही. त्याच आठवड्यात लघवीची बाटलीही प्रयोगशाळेत पोहोचावी.