सांधा कोणाच्या हुकमानं झिजतो?

गुडघा दुखायला लागला की घरातली वडीलधारी माणसं 'वंगण संपलं' म्हणतात आणि डॉक्टर एक्स-रे उजेडासमोर धरून 'गॅप कमी झालीय' असं सांगतात. दोघांच्याही म्हणण्याचा मथितार्थ एकच: चपलेची टाच झिजावी तसा वापरून वापरून सांधा झिजला, त्याला आता इलाज नाही. गेल्या साठेक वर्षांच्या संशोधनानं ही समजूत बरीच मोडीत काढली आहे. सांध्यातली कूर्चा नुसती घासून जात नाही. आपल्याच पेशी विकरं, म्हणजे एन्झाइम, तयार करतात आणि ती विकरं कूर्चा तोडतात. ही विकरं कधी आणि किती तयार व्हायची, हे त्यांच्या जनुकांना मिळणाऱ्या हुकमांवर ठरतं.

विषय आपल्या दारातलाच आहे. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. तिथल्या प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना सांधे, स्नायू किंवा हाडांचं काही ना काही दुखणं होतं. शेतात राबणाऱ्या माणसाचा गुडघा गेला की त्याची रोजीरोटीच अडते.

बेडूकमाशाची शेपटी

कूर्चा म्हणजे हाडाच्या टोकावरचा काही मिलिमीटर जाडीचा गुळगुळीत थर. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, नसा नाहीत, पेशीही विरळ. बहुतेक भाग पाणी. ते पाणी धरून ठेवणारं द्रव्य म्हणजे अॅग्रेकन आणि त्याला बांधून ठेवणारे धागे कोलॅजेनचे. हे कोलॅजेन किती चिवट असतं? डच संशोधकांनी २००० साली हिशेब मांडला, तेव्हा कूर्चेतलं निम्मं कोलॅजेन बदलायला ११७ वर्षं लागतील असं उत्तर आलं. थोडक्यात, ते जन्मात एकदाच मिळतं. तुटलं की तुटलं.

तीन पदरांच्या पिळाचा हा धागा शरीराच्या तापमानाला साध्या पाचक विकरांना दाद देत नाही. मग तो तोडतं कोण? उत्तर १९६२ साली बॉस्टनमध्ये मिळालं, आणि तेही बेडकाच्या पिल्लात. बेडूकमाशाचा बेडूक होताना शेपटी विरघळून जाते, मग तिच्यातलं कोलॅजेन जातं कुठं, हा जेरोम ग्रॉस आणि चार्ल्स लापिएर यांचा प्रश्न होता. त्यांनी कोलॅजेनचा दुधट थर तयार केला, त्यावर शेपटीचे जिवंत तुकडे ठेवले आणि वाट पाहिली. तुकड्यांभोवतीचा थर विरघळून पारदर्शक झाला. कोलॅजिनेज सापडलं होतं. ते धागा वाटेल तिथं तोडत नाही. ठरलेल्या एकाच जागी कापतं आणि पाऊण व पाव असे दोन तुकडे करतं. पुढं पीळ सुटतो आणि उरलेलं काम इतर विकरं उरकतात.

१९६७ साली बॉस्टनमध्येच स्टीफन क्रेन यांच्या गटाला हेच विकर आमवाताच्या, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या, रुग्णांच्या सांध्याच्या अस्तरात मिळालं. शेपटी विरघळवणारी यंत्रणा माणसाच्या सांध्यातही होती, फक्त भलत्या वेळी जागी झालेली. या कुळातल्या विकरांना आता एमएमपी म्हणतात. माणसात ती तेवीस आहेत आणि प्रत्येकाच्या गाभ्यात जस्ताचा अणू बसलेला असतो.

हुकमाची सात अक्षरं

विकर सापडलं, पण त्याला हुकूम कुणाचा? सत्तरच्या दशकात क्रेन आणि जाँ-मिशेल डायर यांना दिसलं की पांढऱ्या पेशींनी सोडलेला एक पदार्थ अस्तराच्या पेशींवर पडला की कोलॅजिनेजचं उत्पादन भराभर वाढतं. तो पदार्थ म्हणजे आजचं इंटरल्यूकिन-१.

हा निरोप जनुकापर्यंत पोचतो कसा, हे १९८७ साली उलगडलं. सॅन दिएगोतले मायकेल करिन आणि कार्ल्सरूहचे पीटर हेर्लिश यांच्या गटांनी मिळून कोलॅजिनेजच्या जनुकाचा सुरुवातीचा भाग तपासला. जनुक जिथून वाचलं जातं त्याच्या सत्तरेक अक्षरं आधी टी-जी-ए-जी-टी-सी-ए ही सात अक्षरं आहेत. फॉस आणि जुन या प्रथिनांची जोडी त्यांवर येऊन बसली की जनुक कामाला लागतं.

यातून एक जुनं कोडंही सुटलं. १९४८ साली मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवातानं जखडलेल्या एका बाईला कॉर्टिसोन दिलं आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० साली त्यांना नोबेल मिळालं, पण औषध नेमकं काय करतं हे कुणाला ठाऊक नव्हतं. १९९० साली 'सेल' या नियतकालिकात तीन गटांनी दाखवलं की कॉर्टिसोनसारख्या स्टेरॉइडचा पेशीतला ग्राहक फॉस-जुनच्या कामातच आडवा येतो आणि जनुक गप्प होतं. औषध आधी आलं, कारण बेचाळीस वर्षांनी.

हुकूम सगळ्यांच्या शरीरात सारखाच पाळला जातो असंही नाही. अमेरिकेतल्या डार्टमथमधल्या कॉन्स्टन्स ब्रिंकरहॉफ यांच्या प्रयोगशाळेनं १९९८ साली दाखवलं की काही जणांच्या एमएमपी-१, म्हणजे याच कोलॅजिनेजच्या, जनुकाच्या नियंत्रण भागात 'जी' हे एकच अक्षर जास्तीचं असतं. त्या एका अक्षरामुळं आणखी एका नियंत्रक प्रथिनाला बसायला जागा मिळते आणि जनुकाचा आवाज चढतो.

औषधांची फजिती

वयपरत्वे होणाऱ्या संधिवातात, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये, दोन विकरं जास्त उपद्रवी ठरली: कोलॅजेन तोडणारं एमएमपी-१३ आणि अॅग्रेकन तोडणारं एडीएएमटीएस-५. या दुसऱ्या विकराचं जनुक काढून टाकलेल्या उंदरांची कूर्चा बरीच शाबूत राहते, असं २००५ साली 'नेचर'मधल्या दोन शोधनिबंधांनी दाखवलं. साहजिकच औषध कंपन्या या विकरांना रोखणारी रसायनं घेऊन पुढं आल्या.

पण सगळ्या एमएमपींना सरसकट अडवणाऱ्या औषधांनी रुग्णांचे खांदे आणि हात आखडायला लागले. सांध्याचं औषधच सांध्यावर उठलं! याला कारण आहे. जखम भरणं, जुने धागे काढून नवे घालणं ही कामंही हीच विकरं करतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या गुडघ्यावरच्या चाचणीत असं औषध ना फायद्याचं ठरलं, ना निर्धोक. एडीएएमटीएस-५ वर नेम धरलेली गोळीही २०२० मध्ये मोठ्या चाचणीत कूर्चा वाचवू शकली नाही.

आमवातात मात्र बाजी पलटली, कारण तिथं संशोधकांनी विकराचा नाद सोडून हुकमाचा उगम गाठला. मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांनी लंडनमध्ये १९९२ साली टीएनएफ या संदेशकाला अडवणारं प्रतिपिंड रुग्णांना प्रथम दिलं. संदेशक अडला की त्याच्या मागची सगळी साखळी मंदावते. २०१२ साली इतर संदेशकांचे निरोप पेशीच्या आत अडवणाऱ्या टोफासिटिनिब या गोळीला अमेरिकेत मान्यता मिळाली. पुण्यातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात मोहन वाणी यांच्या गटानं इंटरल्यूकिन-३ हा संदेशक उलट हाड खाणाऱ्या पेशी तयारच होऊ देत नाही, हे २००३ साली दाखवलं आणि पुढं उंदरांच्या संधिवातातही त्याचा उपयोग तपासला.

आज हाती काय?

हिशेब असा: आमवात आज आटोक्यात ठेवता येतो, वयाच्या संधिवातातली तोडफोड थांबवणारं औषध अजून नाही. पण हातावर हात ठेवून बसायचंही कारण नाही. २००३ साली संशोधकांनी कूर्चेच्या पेशींवर बेताचा ताण दिला, तेव्हा सायटेड-२ नावाचं प्रथिन वाढलं आणि त्यानं एमएमपी-१ व एमएमपी-१३ ची जनुकं दाबून धरली. प्रयोग काचेच्या भांड्यातला होता, तरी रोख स्पष्ट आहे: माफक हालचाल सांध्याला मानवते. त्यातच, वजन एक किलोनं उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोनं हलका होतो, हेही मोजून सिद्ध झालं आहे.

तेव्हा सकाळी उठल्यावर बोटं तासभर आखडलेली राहत असतील, सांधे सुजत असतील, तर तेल चोळण्यात महिने घालवू नका; संधिवाततज्ज्ञ गाठा, कारण गेलेली कूर्चा परत येत नाही. आणि नुसता गुडघा कुरकुरत असेल, तर 'झीज झालीय' म्हणून खुर्ची धरू नका. मांडीचे स्नायू बळकट करा, वजन उतरवा आणि झेपेल तेवढं रोज चाला.