बी.पी.एड.चा हिशेब चाकणच्या पगारात

"दोन वर्षांची फी भरली की पुढे शाळेत पीटीचे सर, आयुष्याची ददात मिटली." भोसरी, मोशी, चाकण, राजगुरुनगर या पट्ट्यात पहाटे ग्राउंडवर घाम गाळणाऱ्या पोरांच्या घरी हे अजून ऐकू येतं. शेजारच्या घरात नेमकं उलटं ऐकू येतं: "शिट्टी वाजवायला पदवी कशाला लागते?" पैशाचा हिशेब दोन्ही घरांत चुकलेला असतो.

आधी खर्च. बी.पी.एड.ला, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीला, कुठल्याही शाखेचा पदवीधर जाऊ शकतो. गुणांची आणि खेळातल्या सहभागाची अट असते, सीईटीबरोबर मैदानी चाचणीही द्यावी लागते. पूर्वी हा अभ्यासक्रम वर्षभराचा होता. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीने तो दोन वर्षांचा केला. म्हणजे बारावीनंतर पाच वर्षं. निवृत्तीला आलेले सर "आम्ही वर्षात उरकलं" म्हणतात ते खरं आहे, पण त्यांचा हिशेब आजच्या पोराच्या उपयोगाचा नाही.

खर्च म्हटलं की सगळे फीचं विचारतात. खासगी महाविद्यालयांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती कॉलेजगणिक वेगळी असते. मात्र या पट्ट्यात फीपेक्षा मोठी रक्कम कुणाच्याच कागदावर येत नाही. साधा पदवीधर पोरगा चाकण एमआयडीसीत ठेकेदाराकडे लागला आणि महिन्याला १५,००० रुपये हातात पडले असं धरू. २४ महिन्यांचे झाले ३,६०,०००. कॉलेजात बसल्यामुळे न मिळालेला हा पगार पदवीच्या खर्चातच धरायला हवा. जिथे गेटबाहेर काम उभंच नाही अशा जिल्ह्यात हा आकडा शून्याजवळ येईल. म्हणून तीच पदवी गडचिरोलीपेक्षा पिंपरी-चिंचवडमध्ये महाग पडते.

आता मिळकत. "नोकरी लागली की पूर्ण पगार" हा सगळ्यात पक्का गैरसमज. अनुदानित माध्यमिक शाळेत पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून काढावी लागतात. त्यांचं मानधन आधी ८,००० होतं. १ जानेवारी २०२३ पासून १८,००० झालं. ठेकेदाराच्या पगारापेक्षा हे महिन्याला ३,००० जास्त, म्हणजे तीन वर्षांत १,०८,०००. कॉलेजच्या दोन वर्षांत गेलेल्यापैकी २,५२,००० अजून यायचेच आहेत. मग मात्र चित्र पालटतं. प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाची वेतनश्रेणी सातव्या आयोगानुसार ३८,६०० पासून सुरू होते. महागाई आणि घरभाडे भत्ता त्यावर. नुसतं मूळ वेतन धरलं तरी फरक महिन्याला २३,६०० पडतो आणि उरलेली रक्कम अकराव्या महिन्यात भरून निघते. फी त्यानंतर काही महिन्यांत. बी.एड. केलेल्या गणिताच्या मास्तरापेक्षा पीटीच्या सरांना कमी पगार, हेही खरं नाही. वेतनश्रेणी तीच आहे. ठेकेदाराकडची नोकरी काही महिन्यांच्या ब्रेकवर चालते आणि १५,००० चे ३८,६०० होण्याची वाट तिच्यात बहुधा नसते, हेही मोजा.

एवढं असूनही मी कुणाला डोळे झाकून "कर" म्हणणार नाही, कारण वरचं सगळं गणित एका गोष्टीवर टांगलेलं आहे: मंजूर पद. शाळेतली पदं विद्यार्थिसंख्येवरच्या संचमान्यतेत ठरतात. पट घसरला, पीटीचे सर निवृत्त झाले, की ते पद पुन्हा भरलं जाईल याची खात्री नाही. तास मराठीच्या बाईंकडे जातात आणि मैदानावर मुलं आपापली खेळतात. शिक्षण हक्क कायदा प्रत्येक शाळेत क्रीडाशिक्षक सक्तीचा करतो असं अनेकजण छातीठोकपणे सांगतात. कायद्याची अनुसूची उघडून पाहा: सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून जास्त मुलं असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक हवा, एवढंच तिथे आहे. पूर्ण पगाराचं पद तिथून निघत नाही.

भरतीची वाट सध्या पवित्र पोर्टलवरून जाते आणि त्याआधी अभियोग्यता चाचणी. ती दरवर्षी होत नाही. पहिली डिसेंबर २०१७ मध्ये झाली, दुसरी २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, तिसरी २०२५ मध्ये. पहिल्या दोन चाचण्यांमधल्या पाच वर्षांत बाहेर पडलेल्या पोराने वाट पाहण्याचे किती पगार गमावले असतील? "संस्थेत काही लाख भरून आत शिरू" असा तोडगा काढणाऱ्यांनी २०२५ मध्ये उघड झालेलं नागपूरचं बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण आठवावं. शिक्षण खात्याची वैयक्तिक मान्यता आणि सरकारी पगार-प्रणालीतला हा शालार्थ आयडी पक्का नसेल तर वर्गात उभं राहूनही पगार मिळत नाही, आणि भरलेले पैसे परत मागायला पावतीही नसते.

सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणाचाही या पदवीशी संबंध नाही. ते स्पर्धेतल्या कामगिरीवर आणि पडताळलेल्या क्रीडा प्रमाणपत्रावर मिळतं. पोलीस भरतीचंही तसंच: शिपाई व्हायला बारावी पुरते. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवडचं स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झाल्यापासून इथल्या अकादम्यांत गर्दी वाढली, पण तिथे बी.पी.एड.ला वेगळे गुण नाहीत.

"बी.पी.एड. म्हणजे कोच" हाही घोळच. पदवी शिक्षकाची आहे. एखाद्या खेळाचा प्रशिक्षक व्हायचं तर पतियाळाच्या १९६१ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा पदविका अभ्यासक्रम त्या खेळाच्या जगात जास्त वजनाचा. नेहरूनगरचं हॉकी स्टेडियम किंवा शेजारचं बालेवाडीचं क्रीडासंकुल, तिथे तुमच्या शिष्याने काय जिंकलं हे विचारतात.

अनुदानित शाळेचं दार बंद झालं म्हणून पदवी वाया गेली, असंही इथे म्हणता येत नाही. रावेत, वाकड, मोशी, चऱ्होली भागात सोसायट्यांमागोमाग इंग्रजी शाळा आल्या. सीबीएसईने २०१८ मध्ये नववी ते बारावीला आरोग्य व शारीरिक शिक्षण अनिवार्य केल्यापासून त्यांतल्या सीबीएसई शाळांना कागदावर पात्र माणूस लागतो. पगार मात्र बोलणीवर. तेव्हा आकड्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: पीएफ कापता का, मे महिन्याचा पगार देता का, आणि संध्याकाळी बाहेर बॅच घ्यायची मोकळीक आहे का. तिसरी सर्वांत मोलाची. सोसायटीच्या मैदानावर २० मुलं, प्रत्येकी ८०० रुपये धरले तर १६,००० होतात. जागेचं भाडं आणि साहित्य त्यातून. पावसाळ्याचे महिने धरू नका. या मिळकतीत पदवीचा वाटा पहिल्या मुलाच्या प्रवेशापुरता. विसावं मूल तुमच्या नावावर येतं.

राहिलं एम.पी.एड. आणखी दोन वर्षं, म्हणजे आणखी ३,६०,०००. महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक झालात तर मूळ वेतन ५७,७०० पासून, पण त्यासाठी ५५ टक्के गुण, नेट किंवा सेट नाहीतर पीएच.डी. हवी, आणि पदं मोजकी असल्यामुळे मधली वर्षं तासिका तत्त्वावर काढण्याची तयारी हवी. २०१८ च्या यूजीसी नियमांत शारीरिक क्षमता चाचणीही आहे: तिशीपर्यंतच्या पुरुषांना १२ मिनिटांत १८०० मीटर. वय वाढेल तसं अंतर कमी होत जातं. पन्नाशीपर्यंत ते ८०० मीटरवर आणून ठेवलं आहे.