कितीपासून कितव्यापर्यंत

मराठी शाळेत वृत्तं शिकवताना आठ गण पाठ करून घेतात: यमाचा, राधिका, ताराप, नमन, भास्कर, जनास, समरा, मानावा. गण आठच का, सात किंवा नऊ का नाहीत, हा प्रश्न त्या तासाला क्वचितच निघतो. अक्षरं तीन आणि प्रत्येक जागी लघू किंवा गुरू असे दोनच पर्याय, म्हणून दोन गुणिले दोन गुणिले दोन. पर्म्युटेशन-कॉम्बिनेशनची ओळख मराठीच्या तासालाच झालेली असते. पुढे अकरावीत तो धडा येतो तेव्हा तीच मुलं उदाहरण वाचण्याआधी सूत्र शोधू लागतात. ही सवय आपल्या परंपरेतून आलेली नाही, हे मागे वळून पाहिलं की स्पष्ट दिसतं.

सुरुवात छंदांपासून झाली. इसवी सनापूर्वीच्या मानल्या जाणाऱ्या पिंगलाच्या छंदःशास्त्रात पहिली पायरी मोजण्याची नाहीच. ती आहे प्रस्ताराची, म्हणजे सगळे प्रकार एका ठरावीक क्रमानं मांडण्याची. प्रस्तार मांडला की दोन प्रश्न आपोआप उभे राहतात. अमुक क्रमांकावर कोणता प्रकार आहे? हे ‘नष्ट’. आणि हा प्रकार कितवा? हे ‘उद्दिष्ट’. तीन अक्षरांच्या प्रस्तारातला सहावा गण हवा असेल तर यादी लिहायची गरज नाही. सहा सम, म्हणून लघू, निम्मे तीन. तीन विषम, म्हणून गुरू. एक मिळवून निम्मे दोन. दोन सम, म्हणून पुन्हा लघू. लघू-गुरू-लघू: जनास. सम-विषम पाहत संख्या निम्मी करत जाण्याची ही रीत इतक्या जुन्या काळी सापडते, याचं मला दरवेळी नव्यानं आश्चर्य वाटतं.

पुढची कित्येक शतकं ही विद्या ज्याला त्याला आपापल्या कामासाठी लागत गेली. सुश्रुतसंहितेत सहा रसांचे 63 भेद आहेत: एकेकटे 6, दोन-दोनचे 15, तीन-तीनचे 20, मग 15, 6 आणि सर्व मिळून 1. वैद्याला हे औषधासाठी हवं होतं. सहाव्या शतकात वराहमिहिरानं बृहत्संहितेत अत्तरांचा विषय घेतला आणि 16 सुगंधी द्रव्यांतून कोणतीही चार 1820 प्रकारांनी निवडता येतात असं सांगितलं. नवव्या शतकात, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी गणितसारसंग्रहात निवडीचा सर्वसाधारण नियमच दिला. द्रव्यं कितीही असोत, निवडायची कितीही असोत, रीत एकच.

मग येतात भास्कराचार्य. 1150 मधल्या सिद्धान्तशिरोमणीचा पहिला भाग म्हणजे लीलावती. तिच्यात दोन उदाहरणं एकाच श्लोकात शेजारी बसवलेली आहेत. राजवाड्याला आठ झरोके आहेत. एक, दोन, तीन असे करत ते उघडले तर किती प्रकार? आणि सहा रसांतले एक, दोन, तीन घेत गेलं तर पदार्थ किती? उत्तरं 255 आणि 63. सगळे झरोके बंद हा प्रकार त्यांनी धरलेला नाही, म्हणून 256 नव्हे. झरोका आधी कोणता उघडला याला महत्त्व नाही, आणि तिखट-गोड पदार्थ गोड-तिखट म्हटल्यानं बदलत नाही.

क्रमाची उदाहरणं ग्रंथाच्या शेवटी, अंकपाश या प्रकरणात आहेत. पाश, अंकुश, साप, डमरू, कवटी, त्रिशूळ, खट्वांग, शक्ती, बाण, धनुष्य ही दहा आयुधं शंकराच्या दहा हातांत अदलाबदल करून दिली तर किती रूपं? 36,28,800. विष्णूच्या चार हातांत गदा, चक्र, कमळ, शंख दिले तर 24. ‘क्रम महत्त्वाचा आहे’ असं इथे कुठेच लिहिलेलं नाही. मूर्ती पाहणाऱ्याला ते सांगावं लागत नाही. चक्र कोणत्या हातात आहे यावरून तर विष्णूच्या मूर्तीची नावं ठरतात. माझ्या मते लीलावतीचं शिकवणं इथे आहे. ज्या वस्तूंबद्दल विचारलं आहे त्या डोळ्यांसमोर आल्या, की गुणाकार करून थांबायचं की पुढे भागायचं हे त्या वस्तूच सांगतात.

सारखे अंक आले तर काय, तेही भास्कराचार्यांनी सोडलेलं नाही. 4, 8, 5, 5, 5 या अंकांच्या पाच अंकी संख्या 20, आणि त्या सगळ्यांची बेरीज 11,99,988. ताळा सोपा आहे. अंकांची बेरीज 27. वीस संख्यांत प्रत्येक स्थानावर मिळून 108 येतात. 108 ला 11,111 नं गुणायचं.

भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे देवगिरीच्या सिंघण यादवाचे ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांनी मठ उभारला. त्याची नोंद चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात आहे. लेख 1207 चा, आणि त्यातल्या काही ओळी जुन्या मराठीत. त्याच सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव होते. घराणं काश्मीरहून दक्षिणेत आलेलं, काम दरबारी हिशेबांचं आणि ग्रंथ संगीताचा: संगीतरत्नाकर. सात स्वर एकेकदाच घेऊन 5040 ताना होतात, हे त्यात आहेच; पण ग्रंथकार तिथे थांबत नाहीत. सा, रे, ग या तीन स्वरांचा प्रस्तार ते असा लावतात: सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा. मग नष्ट आणि उद्दिष्ट. त्यासाठी खंडमेरू नावाचं कोष्टक आहे. पहिल्या घरात 1. मग 0, 1. मग 0, 2, 4. मग 0, 6, 12, 18. या घरांवर खडे ठेवायचे आणि खड्यांखालचे आकडे मिळवायचे, की तानेचा क्रमांक हाती येतो. पाच हजार ताना लिहून काढण्याची गरज उरत नाही. हिशेबनीस आणि गवई एकाच माणसात असल्याशिवाय हे सुचणं कठीण.

1356 मध्ये नारायण पंडितांनी गणितकौमुदीत अंकपाशाला मोठं प्रकरण दिलं आणि छंद, स्वर, अंक यांचे प्रस्तार एका छताखाली आणले. गाय दरवर्षी एक कालवड देते, कालवड तीन वर्षांनी विऊ लागते, तर वीस वर्षांत एका गाईचा कळप किती? हे त्यांचंच उदाहरण; उत्तर 2745.

आजच्या पाठ्यपुस्तकांत समित्या, हस्तांदोलनं आणि पेटीतले चेंडू आले. ते असायला हरकत नाही. मात्र बहुतेक उदाहरणं ‘किती’वर संपतात, प्रस्तार वहीत मांडायला कुणी लावत नाही, आणि मग मुलं ‘निवडा’ की ‘रचा’ एवढा शब्द हेरून सूत्र लावतात. तीन-चार वस्तूंचा पूर्ण प्रस्तार आधी हातानं लिहून घेतला, तर दोनदा मोजलं गेलेलं काय आणि सुटलेलं काय हे मुलाला स्वतःच्या यादीत दिसतं. शिकवणाऱ्यांनी त्यासाठी एक तास जरूर द्यावा.

‘कितवा’ मात्र पुरता गेलेला नाही. प्रवेश परीक्षांना बसणारी मुलं तो अजून सोडवतात: दिलेल्या अक्षरांचे सर्व शब्द शब्दकोशाच्या क्रमानं लावले, तर अमुक शब्द कितवा? क, त, म, ल ही चार अक्षरं घ्या आणि ‘मलकत’ शोधा. म च्या आधी क आणि त, त्यांचे सहा-सहा शब्द, म्हणजे 12. उरलेल्या तिघांत ल च्या आधी पुन्हा क आणि त, त्यांचे दोन-दोन, म्हणजे 4. पुढे क च्या आधी कुणी नाही, 0. आणि शब्दाचा स्वतःचा 1. क्रमांक 17. बारा, चार, शून्य, एक: चारही आकडे खंडमेरूच्या घरांतले आहेत.