दगड तपासायचाय? आधी ओळखीचा दगड आणा!

खडकात चुना किती, सिलिका किती, लोह किती, हे यंत्र सांगतं. पण यंत्र बरोबर सांगतंय ना, हे कशावरून ठरवायचं? त्यासाठी प्रयोगशाळेत एक बाटली असते. तिच्यात दगडाचीच पूड असते आणि तिच्यातले घटक अनेक प्रयोगशाळांनी मोजून पक्के केलेले असतात. हाच संदर्भ नमुना. सातारा-सांगलीशी त्याचा संबंध कुठे कुठे येतो, पाहा.

यादीत पहिला चुनखडक
अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या संदर्भ नमुन्यांमध्ये क्रमांक १ मिळाला आहे तो मातीमिश्रित चुनखडकाला. सिमेंटला चुनखडक लागतो आणि पोलादाच्या भट्टीलाही लागतो.

१०० किलोचे ५६
शुद्ध चुनखडक १०० किलो भाजला, तर कळीचा चुना उरतो सुमारे ५६ किलो. बाकीचे ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातात. चुन्याच्या भट्टीवर जे टनात घडतं, तेच प्रयोगशाळेत ग्रॅमभर पुडीवर करून वजनातली घट मोजतात. ही घट बरोबर मोजली का, याचा निवाडा संदर्भ नमुना करतो.

काळ्या रानातली चुनखडी
आपल्याकडे खाली सगळा बेसाल्ट, तरी रान खणलं की पांढरे खडे निघतात. पाण्यात विरघळलेला चुना जमिनीत साठून ते तयार होतात. जमिनीत चुनखडी फार झाली की लोह असूनही पिकाला मिळत नाही आणि पानं पिवळी पडतात. म्हणून द्राक्षबागायतदार माती परीक्षणाच्या अहवालात चुनखडीचा आकडा आधी पाहतो. तो आकडा चुकला, तर खताचा खर्चही चुकतो.

दगड दोनच, उत्तरं भरपूर
अमेरिकेत ऱ्होड आयलंडचा ग्रॅनाईट 'जी-१' आणि व्हर्जिनियाचा डायबेस 'डब्ल्यू-१' यांची पूड अनेक प्रयोगशाळांना वाटली गेली. १९५१मध्ये निकाल छापले गेले, तेव्हा नामवंत प्रयोगशाळांच्या आकड्यांतला फरक पाहून सगळे चकित झाले. खडकांच्या संदर्भ नमुन्यांची चळवळ त्यातूनच जोमाने उभी राहिली.

वाईचं नाव जगभर
दख्खनच्या लाव्हाथरांमधल्या एका मोठ्या गटाचं शास्त्रीय नाव आहे 'वाई उपगट'. त्यात महाबळेश्वर आणि आंबेनळी अशी नावं असलेले थरसमूह येतात. डोळ्यांना ते जवळपास सारखेच दिसतात. कॉक्स आणि हॉक्सवर्थ या शास्त्रज्ञांनी १९८५मध्ये महाबळेश्वरचे थर रासायनिक मोजमापांवरून वेगळे केले. अशी मोजमापं जगातल्या दुसऱ्या प्रयोगशाळेच्या मोजमापांशी ताडता येतात ती संदर्भ खडकांमुळेच.

कोयनेखाली गाळाचा खडक नाहीच
कोयनेचे भूकंप समजून घेण्यासाठी रासाटीजवळ दीड किलोमीटर खोल छिद्र घेतलं गेलं. सुमारे ९३० मीटर बेसाल्ट लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाईटी पाया. मधे गाळाच्या खडकाचा थर मिळाला नाही. पुढे गोठणे इथे ३ किलोमीटर खोल गेले. या कामाची प्रयोगशाळा कराडला आहे. छिद्रातून निघालेल्या दगडाचे घटक मोजायचे, तर तिथेही ओळखीचा दगड सोबत लागतोच.

जांभ्याच्या पोटातलं ॲल्युमिनियम
महाबळेश्वर, पाचगणी, कासच्या पठारांवरचा जांभा बेसाल्ट कुजून झालेला. जिथे सिलिका आणि लोह जास्त वाहून गेलं, तिथे बॉक्साईट तयार झालं. सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांत ते सापडतं. बेसाल्टमधून आल्यामुळे त्यात टायटॅनियम भरपूर असतं, म्हणून तपासणीला नमुनाही तशाच घडणीचा हवा. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या हैदराबादमधल्या विभागाने 'बार्क बी-१२०१' हा भारतीय बॉक्साईट संदर्भ नमुना तयार केला आहे.

समुद्राचा चिखलही बाटलीत
अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचा 'मॅग-१' हा समुद्रतळाचा चिखल आहे, 'एसजीआर-१' हा तेलयुक्त शेल, तर जपानचा 'जेएलएस-१' चुनखडक. कृष्णेचा गाळ तपासायचा असेल, तर ग्रॅनाईटपेक्षा गाळाचाच नमुना जवळचा. जातीला जात भेटली की चूक लपत नाही.

दळतानाच भेसळ!
टंगस्टन कार्बाइडच्या भांड्यात दगड दळला, तर पुडीत टंगस्टन आणि कोबाल्ट उतरतात. म्हणून सूक्ष्म घटकांसाठी अकीकाचा खल वापरतात. दख्खनच्या बेसाल्टमधल्या पोकळ्यांतही हा अकीक सापडतो.

आपला शिक्का
दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा 'भारतीय निर्देशक द्रव्य' या नावाने प्रमाणित नमुने देते. देशात मोजलेल्या आकड्यांवर देशात आणि बाहेरही विश्वास बसावा, यासाठी हे काम फार मोलाचं आहे.

माती असो, खाणीचा दगड असो की विहिरीतला गाळ, अहवाल हातात आला की प्रयोगशाळेला एक प्रश्न जरूर विचारा: "सोबत कोणता संदर्भ नमुना लावला होता, आणि त्याचा आकडा किती आला?" चांगली प्रयोगशाळा हे उत्तर आनंदाने देते.