रानातले नकलाकार

● भृंगराज (पल्लवपुच्छ कोतवाल) : शहापूरच्या तानसा अभयारण्यासारख्या सह्याद्रीच्या जंगलांत राहतो. शेपटीला दोन लांब, टोकाशी पसरट पिसे. इतर पक्ष्यांच्या हाका, धोक्याचे इशारेही हुबेहूब काढतो.

● कोतवाल : मुरबाड-शहापूरच्या शेतांवर, विजेच्या तारांवर हमखास दिसणारा. शिक्र्याचा आवाज काढून साळुंक्यांना पळवतो आणि त्यांचे भक्ष्य लाटतो.

● हरेवा : पानांत दडून एकामागून एक अनेक पक्ष्यांचे आवाज काढतो.

● हे जमते कसे? : पक्ष्यांचे ध्वनियंत्र श्वासनलिका दुभंगते तिथे असते. अनेक गाणाऱ्या पक्ष्यांत त्याच्या दोन्ही बाजू स्वतंत्रपणे चालतात.

● शहरी नकला : साळुंकीच्या कुळातला युरोपातील स्टार्लिंग मोबाईलची रिंगटोन उचलतो. ऑस्ट्रेलियातील लायरबर्डने कॅमेऱ्याची आणि करवतीची नक्कल केल्याच्या नोंदी आहेत.

● कायदा : बोलतो म्हणून रानातला पोपट पिंजऱ्यात ठेवणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. विक्री दिसल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.