उच्छ्वास लांबतो तेव्हा

बडोद्याच्या सरकारी इस्पितळात 1920च्या दशकाच्या सुरुवातीला एक्स-रे यंत्रापुढे नौली करणारी माणसं उभी राहिली. ती उभी करणारे होते जगन्नाथ गणेश गुणे. बडोद्याच्या माणिकरावांच्या आखाड्यात व्यायामात तयार झालेले, अमळनेरला शिक्षक असलेले आणि नर्मदाकाठच्या मालसरला माधवदासजींकडून योग शिकलेले. पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून ते ओळखले गेले. गुरूंवर त्यांची श्रद्धा होती, तरी शिकलेलं तपासून पाहण्याची ओढही होती. या दोन गोष्टी त्यांच्यात भांडल्या नाहीत, म्हणून मला हा माणूस मोठा वाटतो.

नौलीत सगळा श्वास सोडून द्यायचा, घसा मिटायचा आणि हवा न घेताच छाती फुलवायची. पोट पाठीला चिकटतं. मग पोटाचे मधले स्नायू तेवढे आवळून पुढे काढायचे. दोरखंडासारखा पीळ उभा राहतो. बस्ती या शुद्धिक्रियेत हठयोगी गुदद्वारातून पाणी आत ओढून घेतात, ते कसं, हा गुण्यांचा प्रश्न होता. अपानवायूकडे बोट दाखवून ते थांबले नाहीत. त्यांनी आतड्यातला दाब मोजला. नौलीत तो बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, म्हणून पाणी आपोआप वर चढतं. या निर्वाताला त्यांनी गुरूंचंच नाव दिलं. 1924 साली लोणावळ्याला त्यांची कैवल्यधाम ही संस्था उभी राहिली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिकही निघालं.

पोटाचं ठीक, पण मनाचं काय? प्राणायामाने भरपूर प्राणवायू मिळतो म्हणून तरतरी येते, असं आजही सर्रास सांगितलं जातं. कुवलयानंदांनी ही समजूत त्या काळातच खोडली होती. प्राणायामाचं मोल जादा प्राणवायूत नाही, असं त्यांचं प्रयोगांवरून मत झालं. शरीरातल्या बदलत्या दाबांचा मज्जासंस्थेवर काय परिणाम होतो, तिकडे त्यांचं लक्ष होतं.

ती दिशा मला फार मोलाची वाटते. हृदय, जठर, आतडी आपल्या हुकमाबाहेर चालतात. श्वासही झोपेत आपला आपण चालतो, पण मनात आणलं तर तो लांबवता येतो, रोखता येतो. दोन्ही घरांत वावर असलेला हा एकच कारभारी. श्वास आत घेताना नाडी किंचित जलद होते, सोडताना मंदावते. मेंदूच्या देठातून निघून हृदय-फुप्फुसांवरून पोटापर्यंत जाणारी व्हेगस ही नस उच्छ्वासाच्या वेळी हृदयाला अधिक आवर घालते. बसल्याजागी मिनिटाला बारा ते अठरा श्वास होतात. ते सहाच्या आसपास आले की श्वास, नाडी आणि रक्तदाब यांच्या लाटा जुळू लागतात. इटलीतल्या बर्नार्डी यांच्या गटाने 23 निरोगी माणसांवर केलेला अभ्यास 2001 साली प्रसिद्ध झाला. लॅटिनमधून ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना म्हणा की बौद्ध मंत्र, दोन्हींत श्वास मिनिटाला सहावर येत होता. आपल्याकडच्या नामजपातूनही असंच काही साधत असावं, असं मला मनापासून वाटतं.

पण म्हणून नैराश्यावरच्या गोळ्या बंद करून प्राणायाम धरा, असं कुणी सांगू लागलं तर माझा जीव धास्तावतो. चालू उपचारांच्या जोडीला योग जरूर करावा, तोही डॉक्टरांच्या कानावर घालून.

पतंजलींनी आसनासाठी प्रयत्नशैथिल्य, म्हणजे जोर सैल सोडणं, सांगितलं. कुवलयानंदांच्या परंपरेचा भरही त्यावरच. मला ते योगाच्या वर्गात कळलं. पश्चिमोत्तानासनात बोटं अंगठ्यांपाशी पोहोचवण्याच्या हट्टात मी जबडा आवळून बसले होते. बाई जवळ आल्या. पायांकडे त्यांनी पाहिलंच नाही, माझ्या पाठीवर तळहात ठेवला. “ताई, श्वास कुठे गेला तुमचा?” तो अडकलेला होता आणि मला पत्ताच नव्हता. त्यांनी मला चार बोटं मागे यायला सांगितलं. गुडघे जरा सैल केले, श्वास सोडला. खांदे खाली आले, जबडा सुटला. अंगठे हातभर लांबच राहिले, आणि सकाळपासून डोक्यात चाललेलं भांडण कधी थांबलं ते शवासनात जाईपर्यंत लक्षातच आलं नाही.